पुस्तक संपेपर्यंत

रुग्णालयाच्या तळघरात धुलाईखाना होता आणि धुलाईखान्याच्या टोकाला घडीची खोली. दुपारी बॉयलरला विश्रांती द्यायची वेळ झाली की मशीनं थांबत, आणि सकाळपासून एकमेकींशी ओरडून बोलणाऱ्या बायकांना एकदम स्वतःचाच आवाज मोठा वाटू लागे. त्या शांततेच्या तासात तिथं वर्ग भरायचा. चादरींच्या घड्या घालायचं लांब टेबल हेच बाक, कपाटाला टेकवलेला फळा, आणि खोलीभर गरम कापडाचा नि खळीचा वास.

शिकवायला येत त्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आजारी बहिणीला भेटायला रुग्णालयात येत असताना त्यांनी पाहिलं, की खाली काम करणाऱ्या बायका पगाराच्या कागदावर अंगठा उठवतात. बहीण गेली, पण बाई यायच्या थांबल्या नाहीत. त्यांनी मोठ्या सिस्टरांकडे खेटे घालून दुपारचा तास मागून घेतला. सिस्टर कामाशी काम ठेवणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, पुस्तक संपेपर्यंत तास तुमचा, पुस्तक संपलं की तास पुन्हा कामाचा. पहिलंच पुस्तक होतं ते, मोठ्या अक्षरांचं, छोट्या छोट्या धड्यांचं.

बाईंचे नियम मोजके होते. फळ्यावर काहीही लिहिलं की आधी सगळ्यांनी ते एका सुरात मोठ्यानं वाचायचं, त्याचा अर्थ काय, उत्तर काय, ते मागाहून. आणि सगळ्यांना आल्याशिवाय पुढचा धडा नाही. मागं राहिलेल्या मुलाला सोडून पुढं जाणं त्यांनी नोकरीत कधी केलं नव्हतं, आणि आता तर तशी घाईही नव्हती, असं त्या म्हणत.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक गोष्ट कबूल केली होती. पुस्तक संपेल त्या दिवशी पुस्तक मिटायचं आणि बाईंनी एक गोष्ट सांगायची. ही गोष्ट कुठल्या पुस्तकात नव्हती. बाईंचे वडील ती सांगत. तिच्यात एक म्हातारी होती, एक करकरणारं दार होतं आणि एक पक्षी होता, जो दर वेळी वेगळंच काहीतरी ओरडायचा. बाईंनी आपल्या प्रत्येक वर्गाला ती शेवटच्या दिवशी सांगितली होती, आणि कधीच दोनदा सारखी सांगितली नव्हती.

वर्गात सगळ्यात वयानं मोठ्या होत्या आजी. त्या घड्या घालत. नातवंडं होती म्हणून आजी नव्हे, केस पांढरे म्हणून आजी. त्यांच्याशेजारी शिवणवाली, फाटक्या चादरी सांधणारी, तोंडात सदा दोरा. समोर दोघी जावा, थोरली आणि धाकटी. दोघी मिळून इस्त्रीचा रोलर चालवत आणि एकीनं चादर सरकवली की दुसरी न बघता ओढून घेई. आणि टोकाला रेडिओ. तिचं खरं नाव धुलाईखान्यात कुणी घेत नसे. तिला बंद करायचं बटण नाही, असं थोरली म्हणे.

सुरुवातीचे धडे भराभर झाले. आजींना तर अक्षरांचं वेडच लागलं. चादरींच्या कोपऱ्यावर छापलेली वॉर्डांची नावं इतकी वर्षं त्यांच्या हाताखालून गेली होती. आता त्या घडी घालता घालता एकेक नाव ओठांत वाचत, आणि वाचता आलं की चादरीवरून असा हात फिरवत, जसा एखाद्या पोराच्या पाठीवरून फिरवावा. ‘विहीर’ हा धडा झाला त्या दिवशी सगळ्यांनी तो न अडता वाचला. बाईंनी प्रत्येकीला शाब्बास म्हटलं. शिवणवालीच्या डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणाली, दोऱ्याचं कुसळ गेलं.

तास संपल्यावर नळावर हात धुताना रेडिओनं पुस्तकाची उरलेली पानं बोटांनी चाळली. म्हणाली, असंच धावत सुटलो तर हे संपायला कितीसा वेळ? मग काय, दुपारभर पुन्हा गाठोडी उचला. सगळ्या हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. शिवणवालीनं तोंडातला दोरा काढला. आपल्याला शाब्बास असं याआधी कुणी म्हटलेलं नाही, आईनंसुद्धा नाही, असं ती म्हणाली, आणि पुन्हा दोरा तोंडात धरला.

युक्ती धाकटीनं काढली. सगळ्यांना आल्याशिवाय पुढचा धडा नाही, हा बाईंचाच नियम. मग एकीला आलं नाही तरी पुरे. वरून येणाऱ्या मळक्या कपड्यांच्या ट्रॉल्या रिकाम्या करायची जशी त्यांच्यात पाळी असे, तशीच ही पाळी लावली. आज थोरलीनं अडखळायचं, उद्या शिवणवालीनं, परवा आणखी कुणी. घरचा अभ्यास करायचा, पण केला म्हणायचं नाही.

आजींना ते पटेना. “बाईंना फसवायचं?” त्या म्हणाल्या.

“फसवायचं कुठं, आजी,” रेडिओ म्हणाली. “थांबवायचं.”

 बाई थांबाव्यात असं आजींनाही वाटतच होतं.

तेव्हापासून वर्ग रखडला. एकाच धड्यावर आठवडा जाऊ लागला. रेडिओला नाटक चांगलं जमे. ‘पूल’ या शब्दापाशी ती अशी थबके, जणू पूल खरोखरच वाहून गेलाय. जावांपैकी एक पुस्तक घरी विसरून येई, दुसरी म्हणे, मुलानं त्यावर पाणी सांडलं. बाई आधी हसत. शाळेतल्या पोरांची असली कारणं ऐकून माझे कान किटलेत, म्हणत, काहीतरी नवं सांगा. मग रेडिओ नवं सांगे, आणि अर्धा तास हसण्यात जाई.

आजींना मात्र या दिवसांत फार जड जाई. शब्द समोर उभा असायचा, ओळखीच्या माणसासारखा, आणि त्याला ओळख द्यायची नाही. आपली पाळी नसली की त्या मोकळेपणानं वाचत. पाळी असली की सकाळपासून घड्या वाकड्या पडत. कापडांच्या कोठारात, थप्प्यांच्या मागं उभ्या राहून, त्यांनी पुस्तक शेवटच्या धड्यापर्यंत वाचून काढलं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

याच दिवसांत बाईंचा आवाज बसू लागला. त्या गरम पाण्याची बाटली सोबत आणत आणि दोन ओळींमागं एक घोट घेत. खोलीतल्या वाफेनं होत असेल असं बायकांना वाटलं. रेडिओ म्हणाली, आपल्यावर ओरडून बसलाय घसा. आणि तिलाच त्याचं वाईट वाटून तिनं दुसऱ्या दिवशी खडीसाखर आणून टेबलावर ठेवली.

घसा वाफेनं बसला नव्हता. त्याच इमारतीत, तीन मजले वर, डॉक्टरांनी बाईंना समोर बसवून नीट सांगितलं होतं. गळ्यात गाठ होती, ती काढायलाच हवी होती, आणि तिच्याबरोबर आवाजाची जागाही काढावी लागणार होती. जीव वाचेल, डॉक्टर म्हणाले, पण बोलता येणार नाही. बाईंनी विचारलं, थोडे दिवस थांबता येईल का? डॉक्टरांनी विचारलं, कशासाठी? पुस्तक संपायचंय, असं बाई म्हणाल्या. डॉक्टरांना वाटलं, बाई काहीतरी लिहीत असतील. त्यांनी महिन्याची मुदत दिली, आणि तीही नाराजीनंच.

बाई एकट्या राहत. घरी गेल्यावर त्या दार लावून स्वयंपाकघरात उभ्या राहत आणि गोष्टीतली म्हातारी बोलून बघत. म्हातारीचा आवाज अजून निघत होता, उलट घोगरा झाल्यानं अधिकच खरा वाटे. दाराची करकर जमे. पक्षी मात्र जमेनासा झाला होता. वर चढायला गेलं की आवाज फाटायचा आणि नुसती हवा बाहेर यायची. त्यांनी मनाशी ठरवलं की पक्षी या वेळी हळू ओरडेल. पण सांगायची ती आवाज आहे तोवरच, या बायकांना, आणि पुस्तक संपल्यावर. धडे बाजूला ठेवून आधी गोष्ट सांगून टाकावी, असं त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. पण ती गोष्ट कमावायची असते, असं त्या इतकी वर्षं मुलांना सांगत आल्या होत्या. या बायकांना ती भीक घातल्यासारखी द्यावी, हे त्यांना रुचेना.

आजाराचं त्यांनी वर्गात सांगितलं नाही. दयेपोटी केलेला अभ्यास त्यांना नको होता.

त्यांनी नुसता वेग वाढवला. आता रोज दोन धडे करू, घरी वाचून या, असं त्या म्हणाल्या. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नळावर रेडिओ म्हणाली, बाईंना झालंय काय, गाडी पकडायचीय का? आणि बाई जितक्या घाई करू लागल्या, तितक्या बायका घाबरून ब्रेक लावू लागल्या. आता एकीऐवजी दोघी अडखळत. पुस्तकं घरी राहत. बाई विचारत, किती जणींनी वाचून आणलंय? आणि सगळ्या टेबलाकडे बघत.

बाई चिडू लागल्या. एके दिवशी त्यांनी थोरलीला विचारलं, तुला काय वाटतं, मी इथं वेळ घालवायला येते?  थोरलीला मनातून वाटत होतं, की बाई, आम्ही इथं वेळ साठवायला येतो. पण असं बोलणं तिला तेव्हा सुचलं नाही. सुचलं ते रात्री भांडी घासताना.

मुदतीचे शेवटचे दिवस आले. शेवटून दुसरा धडा चालू होता, ‘दिवा’. तो झाला असता तर ‘सकाळ’ हा शेवटचा धडा दुसऱ्या दिवशी सहज झाला असता. बाईंनी मनात हिशेब केला होता, की आज ‘दिवा’, उद्या ‘सकाळ’ आणि उद्याच गोष्ट. परवा त्यांना वर दाखल व्हायचं होतं.

त्या दिवशी पाळी आजींची होती.

बाईंनी एकेकीकडून वाचून घेतलं. रेडिओनं वाचलं, जावांनी वाचलं, शिवणवालीनं दोरा काढून वाचलं. कुणी अडलं नाही. बाईंचा चेहरा उजळत गेला. त्या आजींकडे वळल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी खोल गेला होता, तो ऐकायला सगळ्या पुढं वाकल्या.

“आजी, आता तुम्ही. तुमच्यावर माझी भिस्त आहे.”

आजींनी पुस्तक उघडलं. ‘दिव्याखाली बसून आई वाट बघत होती.’ वाक्य त्यांना लख्ख दिसत होतं. त्यांनी मान वर करून टेबलाभोवती बघितलं. धाकटीनं नजरेनंच सांगितलं, पाळी तुमची आहे. शिवणवाली हातातल्या चादरीचा काठ चुरगाळत होती. आपण वाचलं तर उद्या पुस्तक संपणार, परवापासून बाई येणार नाहीत आणि हे आपल्यामुळे होणार, असं आजींच्या मनात आलं. 

“दि... दिव्या...” त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

बाईंनी वाट बघितली. “पुढं?”

“नाही येत, बाई.”

“काल येत होतं.”

“आज नाही येत. घरी बघायला जमलं नाही.”

बाईंनी आजींच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि मिटलं. त्या ओरडल्या नाहीत. तेवढा आवाजच उरला नव्हता. त्या इतकं हळू बोलल्या, की टोकाला बसलेल्या रेडिओला ओठांवरूनच समजून घ्यावं लागलं.

“लहान मुलं अभ्यास करत नाहीत, कारण त्यांना कळत नाही. तुम्हाला कळतं. तुम्हाला हे नकोच होतं, आणि मी वेड्यासारखी येत राहिले. एकदा तोंडावर सांगितलं असतंत, तर माझे इतके दिवस तरी वाचले असते.”

त्यांनी पाण्याची बाटली पिशवीत टाकली. खडूचा डबा तसाच राहिला. त्या मागं न बघता निघून गेल्या. त्यांचा आवाज त्या खोलीनं शेवटचा ऐकला तो हाच.

त्या दुपारी बॉयलर सुरू व्हायच्या आधीच बायका कामाला लागल्या. कुणी कुणाला दोष दिला नाही. रेडिओ म्हणाली, उद्या येतील, राग निवला की येतील, आपण कान पकडू. आजी म्हणाल्या, उद्या मी सगळं वाचणार, पाळी कुणाचीही असो. कुणी नाही म्हटलं नाही.

उद्या बाई आल्या नाहीत. परवाही नाही. त्यांचं घर कुठं आहे ते कुणाला माहीत नव्हतं. विचारायची वेळच आली नव्हती, बाई रोज येतच होत्या. मोठ्या सिस्टरांनी आठवडाभर बघितलं आणि दुपारचा तास कामाला लावला. पुस्तक संपलं का, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

मग एकदा वरच्या वॉर्डाची दाई मळक्या कपड्यांची ट्रॉली घेऊन खाली आली. गाठोडी मोकळी करता करता ती म्हणाली, तुमच्या त्या शिकवायच्या बाई वर आहेत की, गळ्याचं मोठं ऑपरेशन झालं, आता कायमचं बोलणं बंद. तुम्हाला माहीत असेलच. हे ठरून किती दिवस झाले होते, डॉक्टर लवकर करा म्हणत होते, पण बाई ऐकेनात. म्हणे, कसलं पुस्तक संपवायचं होतं.

रोलर चालू होता. थोरलीनं चादर सरकवली आणि धाकटीनं ती ओढून घेतली नाही. चादर खाली पडून तिथंच गोळा होत राहिली.

आजींच्या पुढ्यात त्याच वॉर्डाच्या चादरींची थप्पी होती. कोपऱ्यावर छापलेलं नाव त्या रोज वाचत. त्यांच्या मनात आलं, की यातलीच एखादी बाईंच्या अंगाखाली होती, आपण ती झटकली, ताठ केली, घडी घातली आणि वर पाठवली. त्यांनी थप्पीवर दोन्ही हात ठेवले आणि तशाच उभ्या राहिल्या. शिवणवालीनं त्यांना धरून खाली बसवलं.

धुलाईखान्यातल्या बायकांना वर वॉर्डात सोडत नसत. रेडिओनं दाईकडे निरोप दिला, की बाईंना म्हणावं, एकदा खाली या. दाईनं निरोप पोचवला की नाही, कुणास ठाऊक.

पण बाई आल्या. घरी सोडलं त्या दिवशी त्या पिशवी घेऊन तळघरात उतरल्या. दुपारचीच वेळ होती, बॉयलर थांबलेला. गळ्याभोवती पांढरा पातळ कपडा गुंडाळलेला होता. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. त्यांनी फळ्यापाशी जाऊन खडूचा डबा उचलला आणि पिशवीत ठेवला. त्या तेवढ्यासाठीच आल्या होत्या.

 आजी कोठारात गेल्या आणि पुस्तक घेऊन आल्या. टेबलापाशी उभ्या राहून त्यांनी ‘दिवा’ उघडला आणि वाचायला सुरुवात केली. ‘दिव्याखाली बसून आई वाट बघत होती.’ त्या कुठं अडल्या नाहीत. तो धडा संपला तसा पुढचा शिवणवालीनं सुरू केला. ‘सकाळ’. निम्मा तिनं वाचला, मग धाकटीनं, मग थोरलीनं, आणि शेवटची ओळ रेडिओनं. तो धडा त्यांना कुणी कधी शिकवलेला नव्हता.

आजींनी पुस्तक मिटलं.

बाई उभ्याच होत्या. एकेकीकडे बघत होत्या. मग त्यांनी पिशवीतून डबा काढला, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं. आणि सवयीनं, तोंडं आपोआप उघडून, सगळ्यांनी एका सुरात मोठ्यानं वाचलं:

“कधीपासून येत होतं?”

वाचून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हे आपल्याला विचारलंय. 

“विहिरीच्या धड्यापासून, बाई,” आजी म्हणाल्या.

बाईंनी खाली लिहिलं, आणि पुन्हा सगळ्यांनी वाचलं, या वेळी हळू.

“का?”

रेडिओच्या तोंडाकडे सगळ्यांनी बघितलं. तिनं तोंडात पदराचा बोळा धरला होता. पुन्हा आजीच बोलल्या. “पुस्तक संपलं की तुम्ही जाणार होतात.”

बाई टेबलाच्या कडेला बसल्या. त्या रडल्या, पण रडण्याला आवाज नव्हता. नुसते खांदे हलत होते, आणि गळ्यावरच्या कपड्याखालून श्वासाची शिट्टीसारखी बारीक फुंकर येत होती. असं रडणं त्या बायकांनी कधी बघितलं नव्हतं. शिवणवाली जवळ जाऊन त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. बाईंनी तिचा हात धरला, दुसऱ्या हातानं आजींचा चेहरा कुरवाळला, आणि मान हलवली. ती नाही म्हणून हलवली की असू दे म्हणून, ते कुणाला उमगलं नाही.

बऱ्याच वेळानं धाकटीनं विचारलं, कारण कुणीतरी विचारायलाच हवं होतं, की बाई, ती गोष्ट?

बाई उठल्या. खडू घेऊन फळ्याकडे वळल्या, आधीचं सगळं पुसलं आणि अगदी वर लिहिलं. बायकांनी वाचलं:

“एक होती म्हातारी.”

आणि त्या थांबल्या. खडू फळ्याला टेकलेलाच राहिला. बायका वाट बघत होत्या. म्हातारी कशी बोलायची, दार कसं करकरायचं, पक्षी या वेळी काय ओरडणार होता, यातलं काहीच खडूनं होणारं नव्हतं. बाईंनी एक अक्षर अर्धं काढलं, तळहातानं पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. मग त्यांनी खडू डब्यात ठेवला आणि डबा टेबलावर आजींसमोर सरकवला.

बॉयलरची शिट्टी झाली. तास संपला होता. बाईंनी पिशवी उचलली आणि जिना चढून गेल्या. या वेळी रेडिओ त्यांच्यामागं पहिल्या पायरीपर्यंत गेली, आणि पाठमोऱ्या बाईंना काहीतरी सांगायला म्हणून हात वर केला, तो तसाच राहिला.

फळा तिथंच होता. मोठ्या सिस्टरांनी त्यावर कुठल्या वॉर्डाला किती चादरी गेल्या ते लिहायला सांगितलं. लिहायला आता सगळ्यांनाच येत होतं. जी लिहायची ती वरची ओळ सोडून खाली लिहायची. पण खोलीत वाफ फार. ती ओळ कुणी पुसली नाही, तरी हळूहळू ओलसर होऊन विरत गेली. आधी म्हातारी गेली, मग ‘होती’. ‘एक’ तेवढं पुष्कळ दिवस दिसत होतं, आणि आजी घडी घालताना मान वर करून ते वाचत.